सरांचे डोळे आणि माझा उजेड

मी एक जुनी दिव्याची पेटी आहे, मित्रांनो. ऑपरेशन थिएटरमधली. छताला टांगलेला मोठा गोल दिवा तुम्ही चित्रात पाहिला असेल. तो मी नव्हे. तो बाहेरून उजेड पाडतो. मी माणसाच्या पोटात उजेड पाडत असे. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात ना, पोटाला छोटंसं भोक पाडून आत दुर्बीण घालायची आणि पडद्यावर बघत बघत काम करायचं, त्या दुर्बिणीच्या टोकाला जो उजेड असतो तो माझा. माझं खरं नाव 'लाइट सोर्स', पण थिएटरमध्ये मला सगळे 'भट्टी' म्हणायचे. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. तीनशे वॅटचा दिवा पोटात घेऊन तुम्ही उभे राहा, मग बघू कोण किती शांत राहतं ते!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याचं अंग, पुढे उजेड कमीजास्त करायचं एक गोल बटण आणि पाठीमागे सारखा घोंघावणारा पंखा. तपासणीच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई बसलेली असे. तिने मला चालू केलं, माझा उजेड समोरच्या भिंतीवर पाडला आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "बाई गं! ही तर आंधळं करेल!" मला आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी.

माझ्याबरोबर माझी केबल होती. दिसायला साधी करड्या रंगाची दोरी, पण आत काचेचे हजारो धागे, केसापेक्षाही बारीक. मी तिच्या एका टोकात उजेड ओतायचा आणि तिने तो दुर्बिणीपर्यंत नेऊन पोचवायचा. ती नसती तर माझा सगळा तोरा भिंतीवर आपटून संपला असता. ती बोलायची नाही, तापायची नाही, कुणी तिचं कौतुकही करायचं नाही. घरात अशी एखादी काकू असते बघा.

आम्ही दोघी ज्या रुग्णालयात आलो ते फार मोठं नव्हतं. खाली तपासणीच्या खोल्या, वर वॉर्ड आणि एकच थिएटर. तिथले मोठे सर्जन म्हणजे सर. अंगाने आडवे, आवाजाने खणखणीत, आणि ऑपरेशन करता करता गाणं गुणगुणायची सवय. त्यांनी मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा टेबलावर एक सुतार होता, पित्ताशयात खडे झालेला. दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर त्याचं यकृत असं काही झळकलं, की सर गाणंच विसरले. "अरे वा!" ते म्हणाले. "इतकी वर्षं आपण काय चाचपडत होतो काय?"

"चाचपडत नव्हता सर, चांगलं करत होतात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आता आणखी चांगलं करा."

मोठ्या सिस्टर म्हणजे थिएटरच्या मुख्य नर्स. पाठीमागे त्यांना सगळे 'हेडमास्तर' म्हणत. शिस्त म्हणजे शिस्त. एकदा एका नव्या माणसाने मी चालू असतानाच माझी केबल रोग्याच्या अंगावरच्या हिरव्या चादरीवर टाकली. टोकातल्या उजेडाने चादरीला बघता बघता भोक पडलं, धूर निघाला. सिस्टरनी ती उचलली आणि त्या माणसाला असं काही झापलं, की बिचारा पुढे कितीतरी दिवस माझ्याजवळून जाताना पोट आत घेऊन जायचा. सरांशी मात्र त्यांचं गुळपीठ. सरांनी हात पुढे करायचा अवकाश, हवं ते हत्यार हातात. मागावं लागायचं नाही. सर म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही माझ्या मनात भाड्याने राहता का?" त्यावर त्या म्हणायच्या, "भाड्याने कशाला? फुकट राहते."

मित्रांनो, ती वर्षं माझ्या सुखाची होती. किती पोटं पाहिली म्हणून सांगू! शिक्षिकांची, ड्रायव्हरांची, आजोबांची, नव्या नवऱ्यांची. आतून सगळी सारखीच, गुलाबी आणि ओली. ऑपरेशन सुरू होण्याआधी सिस्टर कॅमेऱ्याला पांढऱ्या जाळीच्या कापडाचा तुकडा दाखवायच्या. म्हणजे 'हे पांढरं' असं त्याला शिकवायचं, मग तो बाकीचे रंग बरोबर ओळखतो. कॅमेरा तसा हुशार, पण शिकवाल तेवढंच शिकणारा. ज्या उजेडात दाखवाल त्या उजेडातलं पांढरं तो मुकाट्याने पांढरं मानतो.

पुढे रुग्णालयात हत्यारं निर्जंतुक करायचं नवं यंत्र आलं. जुन्यापेक्षा झटपट काम करणारं, पण तोंडाने अरुंद. माझ्या केबलचा जुना पसरट डबा त्यात जाईना. मग एक छोटा डबा आला. त्यात केबल मावायची, पण घट्ट गुंडाळून, दाबून. काचेला असं वळवलं तर काय होणार? सिस्टर पहिल्या दिवशी म्हणाल्याही, "अहो, मान मोडाल तिची!" पण तोच डबा, तेच यंत्र, आणि बाहेर रोगी थांबलेले. सवय झाली. केबलच्या आत एकेक धागा तुटत गेला. वरून काही दिसायचं नाही. करडी कातडी तशीच होती, गुळगुळीत.

मी पूर्वीइतकाच उजेड ओतत होते, हे मी छातीठोकपणे सांगते. पण तो पलीकडे पोचेना. आज जरासा कमी, महिन्याभराने आणखी जरासा. अंधार एकदम आला असता तर सगळे ओरडले असते, वीज गेली म्हणून धावपळ झाली असती. हा अंधार पाहुण्यासारखा आला, कोपऱ्यात बसला आणि घरचाच होऊन गेला. कॅमेरा बिचारा आपल्या परीने चित्र उजळ करू पाहायचा. त्याने पडद्यावर नुसती वाळू सांडल्यासारखं दिसायचं. सरांच्या हाताखाली एक छोटे डॉक्टर होते. ते शिकले इथेच, याच पडद्यावर. त्यांनी याहून चांगला उजेड पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्यांना पोट असंच दिसतं असं वाटायचं. भूल देणाऱ्या मॅडमचं लक्ष रोग्याच्या नाडीवर आणि श्वासावर. राहिले सर.

सरांना कळलं. इतकी वर्षं ज्याने लख्ख पाहिलंय त्याला कळणारच. पण त्यांना काय कळलं, ते ऐका. त्यांना वाटलं, आपले डोळे चालले.

त्यांचं वय झालं होतं. त्यांच्या वडिलांची नजर म्हातारपणी गेली होती, हे ते कधीतरी मॅडमना सांगताना मी ऐकलं होतं. त्यात छोटे डॉक्टर शेजारी उभे राहून बिनधास्त म्हणायचे, "स्पष्ट दिसतंय सर, तो बघा, धमनी तिकडे आहे." मग सरांना काय वाटणार? त्यांचं गाणं थांबलं. ते पडद्याकडे मान पुढे काढून बघू लागले. एकदा सिस्टरनी हळूच विचारलं, "दिसतंय ना सर?" तर केवढ्याने खेकसले, "दिसतंय हो! मी काय आंधळा आहे?"

सिस्टर काय ते समजल्या. म्हणजे, त्यांना वाटलं की समजल्या. त्या दिवसापासून सर हात धुवून आत येण्याआधीच त्या माझं बटण पुढे सरकवून ठेवायच्या. खोलीतले बाकीचे दिवे मालवायच्या, म्हणजे पडदा उजळ दिसावा. छोट्या डॉक्टरांनी "दिवे कशाला घालवता?" म्हणून विचारलं, तर "मला डोकेदुखी होते" म्हणून सांगायच्या. सरांना कुणापुढे कमीपणा येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. इतकी माया कुणी कुणावर करू नये, मित्रांनो. माझा पंखा जीव तोडून फिरत होता, दिवा रटरटत होता, आणि त्या दोघांपैकी एकाच्याही मनात माझ्या केबलचा विचार आला नाही.

मला बोलता येत असतं तर! पण पेटीला तोंड नसतं. असून नसून सारखंच म्हणा. ज्यांना तोंडं होती ती माणसं तरी कुठे बोलली?

अशात सिस्टरचं पोट दुखू लागलं. आधी त्यांनी ते अंगावर काढलं. मग भूक मेली, कपडे सैल झाले. बाहेरून केलेल्या तपासण्यांत काही धड दिसेना, तेव्हा ठरलं की दुर्बीण घालून आत बघायचं. मॅडम त्यांना म्हणाल्या, "मोठ्या रुग्णालयात जा ना. तिथे नवी यंत्रं आहेत." सिस्टर तेव्हा माझ्या अंगावरची धूळ पुसत होत्या.

"आणि इथल्या लोकांनी काय म्हणायचं?" त्या म्हणाल्या. "सरांच्या सिस्टरलाच सरांचा भरवसा नाही? उद्यापासून एक रोगी पायरी चढेल का? नाही हो मॅडम. माझं पोट सरच बघतील."

"पण त्यांचे डोळे..."

"डोळ्यांचं काय घेऊन बसलात! त्यांचा हात बघतो."

त्यांची लेक गरोदर होती. पहिलंच बाळंतपण. दुर्बिणीच्या दिवशी ती दाराबाहेर बाकावर पाय लांब करून बसली होती. सिस्टर टेबलावर झोपल्या, आणि झोपण्याआधी त्यांनी, काय म्हणावं या बाईला, स्वतःच्या हाताने माझं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं.

मी होतं नव्हतं ते सगळं ओतलं. पंख्याचा आवाज इतका वाढला की मॅडमनी मागे वळून पाहिलं. पण निम्म्याहून अधिक उजेड त्या तुटलेल्या धाग्यांतच अडकून राहिला. सरांनी यकृत पाहिलं, आतडी बाजूला करून पाहिली, ओटीपोटात खोलवर पाहिलं. तिथे गर्भाशयाच्या मागच्या खळग्यात नुसती सावली होती. सर तिथे थांबले. बराच वेळ थांबले.

"तुम्हाला काही दिसतंय का?" त्यांनी छोट्या डॉक्टरांना विचारलं.

"काही नाही सर. साफ आहे."

तरुण डोळ्यांना साफ दिसतंय म्हटल्यावर म्हाताऱ्या डोळ्यांनी काय वाद घालायचा? सरांनी दुर्बीण बाहेर काढली. बाहेर जाऊन ते लेकीला म्हणाले, "काही नाही, सगळं स्वच्छ आहे." ती रडायलाच लागली, आनंदाने. आणि सर हात धुवायच्या खोलीत येऊन किती दिवसांनी गाणं गुणगुणले.

तिथेच सगळं बिघडलं. कारण 'सरांनी बघितलंय' म्हटल्यावर सिस्टर निर्धास्त झाल्या. पोट दुखलं की गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं. कुणी काळजीने विचारलं तर म्हणायच्या, "आतून बघून झालंय माझं. वाताचं दुखणं आहे." लेकीचं बाळंतपण त्यांनी उभ्याने केलं. नातवाचे फोटो थिएटरमध्ये सगळ्यांना दाखवले, एकदा तर गमतीने माझ्यापुढेही धरले, "बघ गं भट्टी, कोण आलंय!" मी पाहिलं. त्यांचे हात काटकुळे झाले होते आणि एप्रनच्या आत पोट मात्र फुगलं होतं. त्यांना कळत नसेल का? दुसऱ्याच्या अंगावर हे दिसलं असतं तर त्यांनी पहिल्या दिवशी ओळखलं असतं.

शेवटी मॅडमनी त्यांना धरून मोठ्या रुग्णालयात नेलं आणि पोटाच्या आतली चित्रं काढून आणली. ती चित्रं सर आमच्याच थिएटरमध्ये, खिडकीपाशी उभे राहून बघत होते. त्या सावलीच्या जागेपासून कर्करोग सगळीकडे पसरला होता. सर म्हणाले, "माझ्या डोळ्यांनी घात केला, मॅडम. मला माहीत होतं मला दिसत नाही. माहीत असून मी दुर्बीण धरली."

दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. इतके दिवस गेले नव्हते, भीतीने. तिथून परत आले ते तडक वर. अंगावर बाहेरचेच कपडे, डोळ्यांत घातलेल्या औषधाने बाहुल्या मोठ्या झालेल्या. मॅडम तिथे होत्या.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"काही झालेलं नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र येत होता. "मोतीबिंदू नाही, डोळ्याच्या आतला पडदा चांगला. म्हणाले, अजून कितीतरी वर्षं ऑपरेशनं करा."

मॅडमना आनंद व्हायला हवा होता. पण दोघंही एकाच वेळी माझ्याकडे वळून बघू लागले. सरांनी माझी केबल काढली. एक टोक खिडकीकडे धरलं आणि दुसरं डोळ्यासमोर. चांगली केबल अशी धरली तर तिचं टोक पौर्णिमेच्या चंद्रासारखं भरलेलं दिसतं. प्रत्येक तुटका धागा म्हणजे एक काळा ठिपका. हे सरांना तरुणपणापासून ठाऊक होतं, सिस्टरना ठाऊक होतं, त्या थिएटरमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. एक श्वास घेण्याएवढा वेळ लागतो त्याला. माझ्या केबलच्या टोकात काळंच जास्त होतं. सर मटकन स्टुलावर बसले आणि ती केबल मांडीवर घेऊन लहान मुलासारखे रडले.

सिस्टरचं पोट दुसऱ्यांदा उघडायचं ठरलं. काही काढता येण्यासारखं उरलंय का, ते बघायला. सरांनी बाहेरचे एक सर्जन बोलावले. त्यांनी आपली नवी पेटी सोबत आणली, बसकी, थंड, आवाज न करणारी. मला कोपऱ्यात सरकवलं. सिस्टर टेबलावर पडल्या होत्या, भूल द्यायची होती अजून. सर त्यांच्या उशाशी आले.

"डोळे दाखवलेत म्हणे सर?" सिस्टरनी विचारलं. "काय निघालं?"

सरांनी त्यांची उशी सारखी केली.

"सांगा हो. मला काळजी आहे."

"चांगले आहेत, सिस्टर. काही दोष नाही."

सिस्टरचा तो सुकलेला चेहरा एकदम फुलला. "अगबाई! सुटले मी! अहो, इतके दिवस नुसता घोर लागला होता जिवाला. मी तर बटण..." आणि त्या बोलता बोलता थांबल्या. सगळा जन्म थिएटरमध्ये गेलेली बाई. डोळे चांगले, तर मग अंधार कुठून आला, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान वळवली आणि कोपऱ्यात मला शोधलं. मग माझ्या अंगावरची केबल.

"केबल?" त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही बोलला का नाहीत सर?"

"तुम्ही न सांगता दिवे मालवायला लागलात. मला वाटलं, माझे डोळे गेले हे तुम्हालाही कळलंय. मग कुठल्या तोंडाने बोलू?"

सिस्टरनी डोळे मिटून घेतले. कडेने पाणी ओघळून टोपीत गेलं. नवे सर्जन दाराशी हात धुवून उभे होते, त्यांना कळेना आत यावं की नाही. मग सिस्टर म्हणाल्या, "माझ्या लेकीला यातलं काही सांगू नका. ती तुम्हाला बोल लावेल. तिला सांगा, दुखणंच वाईट होतं."

तेवढ्यातही त्या त्यांना झाकायलाच निघाल्या होत्या. मॅडमनी भूल दिली.

नव्या पेटीचा उजेड पांढराशुभ्र होता. पडद्यावर सगळं स्वच्छ दिसलं, तांदळाच्या कण्या उधळाव्यात तशा गाठी, आतड्यांवर, पोटाच्या अस्तरावर, यकृताखाली. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाहुण्या सर्जननी सरांकडे बघून नुसती मान हलवली आणि टाके घातले. त्यानंतर सिस्टर थिएटरमध्ये आल्या नाहीत. वॉर्डातून बातमी आली तेव्हा छोटे डॉक्टर हत्यारं मोजत होते. त्यांच्या हातातून ट्रे पडला.

सरांनी पुन्हा दुर्बीण धरली नाही. डोळे शाबूत असून धरली नाही. नंतर एक दुरुस्तीवाला आला. त्याने मला नवी केबल लावून बघितली, आणि माझा उजेड भिंतीवर असा पडला, की त्याने डोळ्यांवर हात धरला. "हिला काय धाड भरलीये? उत्तम आहे की!" तो म्हणाला. मला बिघडले म्हणून टाकलेलं नाही, मित्रांनो. मी त्यांच्या डोळ्यांसमोर नको होते, म्हणून टाकलंय. आता मी मोडक्या व्हीलचेअरच्या मागे भांडारात पडून आहे. आत दिवा आहे, तो पुन्हा लागेल अशी आशा मला नाही.

तुम्ही मोठे व्हाल, कुणी डॉक्टर व्हाल, कुणी नर्स, कुणी माझ्यासारख्या यंत्रांची देखभाल करणारे. केबल जपा, ती वळवून कोंबू नका, हे तर मी सांगेनच. पण माझं मागणं त्याहून साधं आहे. तुम्हाला कधी अंधुक दिसायला लागलं, तर शेजारच्याला विचारा, 'मला कमी दिसतंय, तुलाही कमी दिसतंय का?' आणि तुमच्या माणसाला कमी दिसतंय असं वाटलं, तर गुपचूप त्याच्यासाठी दिवे मालवू नका. त्याला विचारा. तो खेकसेल, तरी पुन्हा विचारा. त्या थिएटरमध्ये इतकी शहाणी, इतकी प्रेमळ माणसं होती, आणि हे एवढं एकाही माणसाने दुसऱ्याला धड विचारलं नाही.